ताप आला की आधी लघवी तपासा

प्रश्न : मॅडम, आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दीड वर्षाची झाल्यापासून तिला अधूनमधून हुडहुडी भरून 103-104 ताप यायचा. सर्दी नाही, खोकला नाही. ‘दाढा येतायत’, ‘व्हायरल आहे’ म्हणून तीन दिवसांचं अँटिबायोटिक मिळायचं आणि ताप उतरायचा. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला लावलं, त्यात ई. कोलाय नावाचे जंतू निघाले. मग सोनोग्राफी, एमसीयू (नळी घालून मूत्राशयाचा एक्स-रे) आणि चार-पाच महिन्यांनी डीएमएसए (किडन्यांचा) स्कॅन झाला. डावीकडे ग्रेड 3 आणि उजवीकडे ग्रेड 2 रिफ्लक्स (लघवी उलटी किडनीकडे जाणं) आहे. डाव्या किडनीवर व्रण आहे आणि ती फक्त 38 टक्के चालते. क्रिएटिनिन 0.4 आलं, लॅबने त्यापुढे ‘कमी’ असं छापलंय. उंची 94 सेंटिमीटर आहे. रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस चालू आहे. सासूबाई म्हणतात, रोजच्या अँटिबायोटिकने पोर पोखरून निघेल. त्यांच्या ओळखीचे एकजण काढा देतात, तो सुरू करू. दीर म्हणतात, मुंबईला नेऊन ऑपरेशन करून टाका, एकदाचं मिटेल. मुलीला दोन-दोन दिवस शी होत नाही आणि शाळेत ती शू करतच नाही. तिची किडनी जाईल का? हे माझ्या दुर्लक्षामुळे झालं का? पुढे लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का? आणि धाकटा सात महिन्यांचा आहे, त्याचीही ती नळी घालून तपासणी करायची का?
— एक आई

उत्तर : तुमची झोप उडवणारा आकडा 38 आहे, म्हणून आधी त्याचं बघू. डीएमएसए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्या मिळून 100 धरतात आणि त्यातला कुणाचा वाटा किती ते सांगतात. म्हणजे डावी 38, तर उजवी 62. डावी किडनी तिच्या ताकदीच्या 38 टक्केच काम करते, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही किडन्या निरोगी असल्या तरी आकडे बरोब्बर पन्नास-पन्नास येत नाहीत. 45 ते 55 यांच्या मधलं काहीही चालतं. तुमच्या लेकीची डावी किडनी मागे पडली आहे हे खरं, पण उजवीने तिचं बरंचसं काम उचललंय. रिपोर्ट हातात देताना हे कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. अर्धी किडनी गेली असं समजून महिनोन्‌महिने रडणारे आईबाप माझ्यासमोर येऊन बसतात आणि स्कॅन बघावा तर नुकसान त्या मानाने किरकोळ असतं.

मग दोन्ही किडन्या मिळून एकूण काम किती करतात? ते क्रिएटिनिनवरून कळतं, आणि इथे लॅबने तुम्हाला उगाच घाबरवलंय. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेकदा मोठ्या माणसांची असते. क्रिएटिनिन म्हणजे किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ. तो स्नायूंमधून येतो, साडेतीन वर्षांच्या पोरीला स्नायू ते किती असणार! तिचं 0.4 अगदी योग्य आहे. मुलांसाठी एक सोपं गणित आहे : उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला 0.413 ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. तुमच्या मुलीचं उत्तर 97 च्या आसपास येतं. याला जीएफआर म्हणतात, म्हणजे किडन्यांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. दोन वर्षांपुढच्या मुलांत 90 च्या वर म्हणजे उत्तम. आता याच्या उलट बाजू लक्षात ठेवा, ती जास्त महत्त्वाची आहे. उद्या हिच्याच वयाच्या आणि उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन 0.8 आलं तर लॅब त्यापुढे काहीही खूण करणार नाही, आणि हेच गणित 48 दाखवेल. किडनी निम्म्यावर आली आणि कागद म्हणतो सगळं ठीक. म्हणून दरवेळी रक्त तपासलं की उंचीही मोजून घ्या आणि डॉक्टरांना हा आकडा काढायला सांगा. सांगायला संकोच वाटून घेऊ नका.

तेव्हा किडनी जाईल का, याचं उत्तर : आजच्या रिपोर्टांवरून तसं काहीही दिसत नाही. व्रण पुसला जाणार नाही, पण व्रण असलेली बहुतेक मुलं डायलिसिसच्या वाटेला कधी जात नाहीत. नवे व्रण पडू द्यायचे नाहीत, एवढं काम आपल्या हातात आहे.

ते काम समजायला रिफ्लक्स म्हणजे काय हे नीट कळलं पाहिजे. किडनीत तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात येते. ही वाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ भोक पाडून शिरत नाही, भिंतीच्या आतून थोडं तिरपं अंतर कापत जाते. मूत्राशय भरला, दाब वाढला की भिंतीतला हा तुकडा आपोआप दाबला जातो आणि लघवीला मागे जायची वाट बंद होते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व जसा हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही, तसंच. काही मुलांत हा तिरपा तुकडा जन्मतःच आखूड असतो. मग शू करताना थोडी लघवी खाली आणि थोडी वर किडनीकडे जाते. मूल वाढतं तसा तो तुकडाही लांबतो, म्हणूनच कितीतरी मुलांचा रिफ्लक्स आपोआप थांबतो. ग्रेड 1 (सगळ्यात हलका) ते 5 (सगळ्यात तीव्र) असतात. ग्रेड 1 आणि 2 मध्ये पाचेक वर्षांत बहुतेकांचा जातो, 3 मध्येही बऱ्याच जणांचा जातो, 5 मध्ये मात्र ती आशा कमी.

आता मुद्दा असा, की नुसती स्वच्छ लघवी थोडी मागे गेली म्हणून किडनीला सहसा इजा होत नाही. (फार जोराचा, ग्रेड 5 चा किंवा लघवीची वाटच अडलेली असेल तर गोष्ट वेगळी.) इजा करतात ते जंतू. मूत्राशयात शिरलेल्या ई. कोलायला रिफ्लक्समुळे वर जायला आयता रस्ता मिळतो. किडनीत जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो, आणि तो ताप जितके दिवस उपचाराविना राहील तितकी व्रण पडायची शक्यता वाढते. योग्य औषध पहिल्या 48 तासांत मिळालेल्या मुलांपेक्षा त्यानंतर मिळालेल्या मुलांत व्रण जास्त दिसतात. रिफ्लक्स म्हटलं की सगळे ग्रेडची चिंता करतात, तापाची कमी. माझ्या लेखी हे उलट हवं. ग्रेड तुमच्या हातात नाही, तापाचा पहिला दिवस आहे.

म्हणून घरात आजपासून एक नियम : हिला 101 च्या वर ताप आला आणि दुसरं ढळढळीत कारण दिसत नसेल, तर त्याच दिवशी लघवीची रुटीन आणि कल्चर. सर्दी-खोकला असला तरी हिच्या बाबतीत रुटीन तरी कराच. ‘उद्यापर्यंत बघू’ हे वाक्य तुमच्या घरात या पोरीसाठी बंद.

नमुना कसा घ्यायचा यात निम्मा घोळ होतो, म्हणून सविस्तर सांगते. लॅबमधून निर्जंतुक डबी आणून एक कायम घरात ठेवा; उकळलेली औषधाची बाटली, मधाची बाटली असलं काही चालत नाही. शूची जागा साध्या पाण्याने धुवा. सुरुवातीची थोडी शू जाऊ द्या आणि मधली धार डबीत धरा. एका तासात लॅबला पोचवा. तालुक्याची लॅब बंद असेल किंवा एसटीने न्यायची असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि नेताना बर्फाच्या पिशवीसोबत न्या. बाहेर उन्हात दोन-तीन तास राहिलेल्या डबीत जंतू वाढत जातात आणि मग नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टमध्ये दिसतं. सगळ्यात महत्त्वाचं, अँटिबायोटिकचा नवा डोस डबी भरल्यावरच द्यायचा. आधी औषध आणि मग कल्चर म्हणजे पुरावा पुसून पंचनामा. मात्र कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात, तोवर औषध थांबवून बसायचं नाही. डॉक्टर अंदाजाने सुरू करतील, रिपोर्ट आला की हवं तर बदलतील. आणि तीन दिवसांत ताप उतरला तरी कोर्स सांगितला तेवढा, सात दिवस तर सात, दहा तर दहा, पुरा करायचा.

तुमच्या आधीच्या दोन तापांत नेमकं हेच झालं असणार. तीन दिवस औषध, ताप उतरला, सगळे खूश. लघवी कुणी बघितलीच नाही. यावर मला बोलायचंय, कारण तुम्ही स्वतःला दोष देताय. दीड वर्षाचं मूल ‘शूला जळजळ होते’ असं सांगत नाही. त्याला नुसता ताप येतो, ते खात नाही, कधी उलटी करतं, रडतं. यातून लघवीचं इन्फेक्शन ओळखायचं काम आईचं नाही, डॉक्टरचं आहे. आणि सर्दी-खोकल्याशिवाय इतका ताप, तोही पुन्हा पुन्हा, असेल तर लघवी तपासायची असते हे आमच्या शिक्षणात लिहिलेलं आहे. ‘दात येतायत’ हे तर तापाचं कारणच नव्हे. दातांनी मूल किरकिरतं, लाळ गाळतं, पण 104 ताप दातांनी येत नाही. तुम्हाला खोटा दिलासा देत नाही : उशीर झाला, आणि तो व्रण बहुधा त्या उशिरातला आहे. मात्र काही मुलांची किडनी पोटात असतानाच थोडी लहान घडलेली असते आणि स्कॅनवर ती व्रणासारखीच दिसते. कुठलं काय हे स्कॅन दरवेळी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्ही दरवेळी मुलीला उचलून डॉक्टरकडे गेलात. याहून जास्त तुम्ही काय करणार होतात?

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांची भीती वेडगळ नाही, उलट या प्रश्नावर जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले आहेत. अमेरिकेत 607 मुलांवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल 2014 मध्ये आला. निम्म्या मुलांना दोन वर्षं रोज कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकचा छोटा डोस दिला, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सिरप. डोस घेणाऱ्यांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण व्रणांच्या संख्येत फरक पडला नाही. शिवाय डोस चालू असताना ज्यांना ई. कोलायचं इन्फेक्शन झालंच, त्यांच्यातले जंतू त्या औषधाला बरेचदा दाद देत नव्हते. म्हणजे सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, हा डोस फुकटात मिळत नाही. दुसरीकडे स्वीडनमध्ये ग्रेड 3 आणि 4 असलेल्या एक ते दोन वर्षांच्या 203 मुलांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. त्यातल्या ज्या मुलींना काहीही न देता नुसतं लक्ष ठेवलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा तापाचं इन्फेक्शन झालं. रोजचा डोस घेणाऱ्या मुलींमध्ये ते साधारण पाचातल्या एकीला झालं.

या दोन्ही अभ्यासांपुढे तुमची लेक ठेवली तर मला काय वाटतं? ती मुलगी आहे, ग्रेड 3 आहे, व्रण आहे, तीन वेळा ताप येऊन गेला, आणि तिला शी साफ होत नाही. अमेरिकेच्या अभ्यासात ज्या मुलांना शी-शूचा त्रास होता त्यांनाच डोसचा फायदा सगळ्यात जास्त झाला होता. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी डोस सुरू केला ते बरोबर केलं. साध्या ग्रेड 1 च्या, एकदाच ताप आलेल्या मुलाला कुणी हा डोस चालू ठेवला असता तर मी सासूबाईंच्या बाजूने बोलले असते. मात्र तुमच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘हा डोस कधी थांबवायचा, आणि कशावरून ठरवायचं?’ वर्ष-दीड वर्ष ताप नाही, शी नियमित, शूची सवय लागलेली, एवढं जमलं की पुष्कळदा थांबवून बघता येतो. शेवट न ठरवलेला डोस वर्षानुवर्षं चालू राहतो, कुणालाच तो बंद करायचं धाडस होत नाही. डोस रात्री झोपताना, शू करवून घेतल्यावर द्या, म्हणजे औषध रात्रभर मूत्राशयात राहतं. पुरळ उठलं, तोंडात फोड आले तर थांबवून लगेच दाखवा. घराण्यात जी6पीडीची कमतरता (काही औषधांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात असा आनुवंशिक दोष) असेल तर आधीच सांगा, कोट्रायमॉक्साझोल किंवा नायट्रोफ्युरँटॉइन ही अँटिबायोटिकं देताना ते माहीत असावं लागतं.

काढ्याबद्दल मात्र मी सासूबाईंचं ऐकणार नाही. धन्या-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, कोकमाचं सरबत, जे पोरगी आवडीने पिते ते खुशाल द्या. पाणी पोटात जातंय ना, मग भलंच होतंय. पण त्याने आखूड तुकडा लांबत नाही की जंतू मरत नाहीत. आणि पुडीत काय आहे हे ज्याच्यावर छापलेलं नाही, ज्यात भस्म असू शकतं, असं काहीही व्रण असलेल्या किडनीच्या मुलाला नको. भस्मात असू शकणारे शिसं-पारा किडनीला इजा करतात. तुमच्या कपाटातली आणखी एक बाटली बघा. तापासाठी पॅरासिटामॉलबरोबर मेफेनामिक ऍसिड एकत्र असलेलं सिरप आपल्याकडे सर्रास दिलं जातं. त्याने किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून हिला ते नको, आयबुप्रोफेनही नको, विशेषतः उलट्या-जुलाब होत असताना. साधं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे.

दिरांना ऑपरेशन हवंय. त्यांच्यासारखा विचार डॉक्टरही एकेकाळी करत. रिफ्लक्स दिसला की शस्त्रक्रिया, असा काळ होता. मग बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तीव्र रिफ्लक्सच्या मुलांचे दोन गट केले, एकावर शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फक्त औषध. 1987 मध्ये त्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष छापून आले, आणि किडनीच्या वाढीत वा व्रणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ऑपरेशनने रिफ्लक्स थांबतो, त्यात शंका नाही. वाहिनी नव्याने रोवायचं ऑपरेशन चांगल्या हातांत जवळजवळ नेहमी यशस्वी होतं. दुर्बिणीतून वाहिनीच्या तोंडाशी इंजेक्शन देऊन ते आवळायचाही मार्ग आहे, तो सोपा आहे पण तितका खात्रीचा नाही. तरी पडलेला व्रण तसाच राहतो आणि पुढची तपासणीही तशीच चालू ठेवावी लागते. ‘एकदाचं मिटेल’ असं काही नसतं. डोस नीट चालू असूनही पुन्हा तापाची इन्फेक्शनं होऊ लागली, नवा व्रण दिसला, किंवा ग्रेड 4-5 वाढत्या वयातही उतरलाच नाही, तर मी स्वतःच तुम्हाला म्हणेन, आता सर्जनला भेटा. तेव्हा मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय आहे, पुण्यातही बालकिडनीतज्ज्ञ आणि मुलांचे सर्जन आहेत. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला गाठा, शिधापत्रिका बरोबर न्या. आज घाई नाही.

आणि आता तुम्ही पत्रात जवळजवळ जाता जाता लिहिलेली गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. दोन-दोन दिवस शी होत नाही आणि शाळेत शू करत नाही. मॅडम, यावर तुमचं सगळं लक्ष हवं. भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून दाबत राहतं, मूत्राशय नीट रिकामा होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. वर मूल शू रोखून धरतं तेव्हा आत दाब वाढतो आणि रिफ्लक्सला जोर मिळतो. ही पोरं बघा, खेळता खेळता अचानक एक टाच खाली दाबून उकिडवी बसतात, पाय आवळतात, नाचतात. आई म्हणते ‘खोडकर आहे’. ती शू रोखत असते. कितीतरी मुलींची इन्फेक्शनं मी नुसती शी साफ करून थांबलेली पाहिली आहेत, आणि ही गोष्ट इतकी साधी वाटते की कुणी तिला औषध मानत नाही.

तर शीसाठी : दूध दिवसाला दोन कपांवर आणा. ‘जेवत नाही म्हणून दूध’ आणि ‘दूध प्यायली म्हणून जेवत नाही’ हे चक्र अर्ध्या घरांत असतं. बिस्किटं कमी करा. पेरू, पपई, भाकरी, पालेभाजी, उसळ. सकाळी आणि रात्री जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, भारतीय संडास असेल तर उत्तमच, कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत ठेवून कुणालाच जोर करता येत नाही. आत घट्ट खडे साचलेले असतील तर नुसत्या पपईने भागणार नाही. शी मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल महिनोन्‌महिने द्यावं लागतं, डॉक्टरांना सांगून घ्या. ‘सवय लागेल’ म्हणून दहा दिवसांत बंद करू नका. त्याची सवय लागत नाही, आणि ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

शूसाठी घड्याळ लावा : उठल्यावर, मग दर दोन-अडीच तासांनी, लागो न लागो. झोपण्याआधी दोनदा, म्हणजे एकदा करून आली की दात घासायचे आणि पुन्हा एकदा बसवायचं. शाळेचा प्रश्न कठीण आहे, कारण मूल शू का करत नाही ते आपण विचारतच नाही. कधी संडासाला कडी नसते, कधी पाणी नसतं, कधी बाई ओरडतात ‘मधल्या सुट्टीतच जायचं’. आधी तुम्ही जाऊन ते संडास स्वतः बघा. मग डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेऊन बाईंना द्या : ‘या मुलीला किडनीचा आजार आहे, तिला कधीही सोडावं, आणि मधल्या सुट्टीत आठवणीने पाठवावं.’ चिठ्ठीवर डॉक्टरचा शिक्का असला की शाळा ऐकते, हा माझा अनुभव. आणि पाण्याची बाटली घरी परत आली की उचलून बघा, भरलेली असेल तर पोरगी पाणीही टाळतेय, म्हणजे शू लागू नये म्हणून.

रक्तदाबाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे बहुधा तो कुणी मोजलेलाच नाही. व्रण असलेल्या किडनीचा खरा दूरवरचा धोका तिथे आहे. दर भेटीत, कमीत कमी सहा महिन्यांतून एकदा, मोजायला सांगा. पट्टा मुलांचा हवा. मोठ्यांचा पट्टा छोट्या दंडावर गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो. 110/70 तुमच्यामाझ्यासाठी छान, साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी तो जास्त आहे. वर्षातून एकदा लघवीतून प्रथिन जातंय का ते बघायचं, उंची-वजन आणि क्रिएटिनिन बघायचं. एमसीयू मात्र दर सहा महिन्यांनी करत बसू नका. त्या नळीचा मुलीला त्रास होतो, क्ष-किरण लागतात, आणि ती वाढत असताना ग्रेड 3 वरून 2 झाला की नाही यावर आजचा निर्णय बदलत नाही. पुन्हा तापाचं इन्फेक्शन झालं नाही तर डीएमएसएचीही घाई नाही.

लग्नाचं विचारलंत. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी मी आज वाहत नाही, पण त्यामागे एक खरा प्रश्न आहे. व्रण असलेल्या मुलींना पुढे गरोदरपणात रक्तदाब आणि लघवीचं इन्फेक्शन होण्याची शक्यता थोडी जास्त असते. लपवायला नव्हे, तर तिच्या भावी डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगायला ही माहिती लागणार. म्हणून एमसीयूच्या फिल्म, डीएमएसएची रंगीत प्रिंट, प्रत्येक कल्चर, एका जाड फाईलमध्ये तारखेने लावून ठेवा आणि मोबाइलवर फोटोही काढा. चौदा-पंधरा वर्षांची झाली की ती फाईल तिच्याच हातात द्या, तिला समजावून सांगा. मुलं मोठी होतात, फॉलोअपला येणं सोडतात, आणि तिशीत डोकं दुखतं म्हणून बीपी मोजला की 170 निघतो. अशा मुली मी पाहिल्या आहेत.

राहिला धाकटा. रिफ्लक्स असलेल्या मुलाच्या भावंडांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात तो असतो, पण बहुतेकांत हलका आणि आपोआप जाणारा. म्हणून नळी घालून तपासणी नको. दोन्ही किडन्या आणि मूत्राशयाची एक सोनोग्राफी करून घ्या, त्यात काही निघालं तरच पुढचं. तो मुलगा आहे, म्हणून त्याची शूची धार एकदा नीट बघा : जोरात कमान होऊन पडते की थेंब थेंब, कुंथत, तुटत तुटत येते? थेंब थेंब येत असेल तर वाट अडवणारा पडदा असू शकतो, तेव्हा थांबू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. धार चांगली असेल तर निश्चिंत राहा, फक्त त्यालाही कारणाशिवाय ताप आला की लघवी तपासायची. इतक्या लहान बाळाची लघवी चिकट पिशवी लावून गोळा करतात. रुटीन तपासणीला ती चालेल, पण कल्चरला नाही, कारण कातडीवरचे जंतू तिच्यात उतरतात. कल्चरसाठी डॉक्टरांना बारीक नळीने नमुना घ्यायला सांगा. एक मिनिटाचं रडणं होतं, ते सोसा.